शिवनेरीवरील बंदिवान व कादंबरींतील सुधारलेला विलासी

ऐतिहासिक कादंबरीचें परीक्षण संशोधनाच्या पत्रिकेंत करणें कित्येकांस अस्थानीं वाटेल. संशोधकानें कागद वाचावे, कादंबरीकारानें कथा रचावी, व दोघांनीं एकमेकांच्या शेतांत गुरें सोडूं नयेत, असा एक समंजस संकेत आपल्यांत आहे. परंतु हा संकेत एकाच बाजूनें पाळला जातो. आपण कादंबरीकाराच्या शेतांत सहसा जात नाहीं. त्याचीं गुरें मात्र आपल्या बांधावर नित्य चरत असतात. जुन्नर, ओतूर, घोडेगांव, मंचर या टापूंत जुने कागद पाहण्यास जावें, तर दप्तराचें फडकें सुटण्यापूर्वीं पेशव्यांच्या प्रेमकथा ऐकाव्या लागतात. आणि त्या कोठून आल्या म्हणून विचारावें, तर त्या वाडवडिलांच्या तोंडून आलेल्या नसून छापील पुस्तकांतून आलेल्या असतात. पुस्तक विसरलें जातें, कथा राहते, व दोन पिढ्यांनीं तीच ‘परंपरा’ या नांवानें आपल्यापुढें साधन म्हणून उभी राहते. म्हणून हा लेख.

ज्या साच्याचा येथें विचार करावयाचा तो सर्वांच्या परिचयाचा आहे. नायक कुलीन, रूपवान, शस्त्रांत व शास्त्रांत निपुण. परंतु तारुण्याच्या भरांत वाहवलेला. नाचरंग, द्यूत, ऋण, परस्त्री यांपैकीं एक किंवा सर्वच त्याच्या पाठीशीं लागलेलीं. पुढें एका निर्मळ मनाच्या कन्येची गांठ पडते. ती त्यास झिडकारते. त्या झिडकारण्यानें तो जागा होतो. एखादें प्राणसंकट आपल्या अंगावर घेतो. आणि अखेरीस मागील सारा इतिहास धुवून जाऊन तो तिच्या योग्य ठरतो. या साच्यास पेशवाईचा पोशाख फार चांगला बसतो, असा लेखकांचा समज आहे. आणि पेशवाईंत विलासी म्हणून ज्याचें नांव आधींच झालें आहे असा पुरुष एकच, तो म्हणजे रघुनाथरावांचा पुत्र दुसरा बाजीराव. त्याचा व जुन्नरचा संबंध बहुतेकांच्या स्मरणांतून गेला आहे. तो संबंध ध्यानीं घेतला म्हणजे हा साचा बाजीरावावर कां बसत नाहीं, व बसविण्याचा अट्टाहास केल्यास कोणतें नुकसान होतें, हें स्पष्ट होतें, असें आमचें मत आहे.

प्रथम साच्याचें कुळ पाहूं. हें बीज आपल्या भूमींतलें नव्हे. इंग्रजी कादंबरीचा एक आद्य प्रवर्तक रिचर्डसन यानें इ. स. १७४० मध्यें ‘पामेला’ प्रसिद्ध केली. तींत आपल्या दासीस भ्रष्ट करूं पाहणारा धनी तिच्या शीलापुढें नमतो व अखेर तिच्याशींच विवाह करितो. पुस्तकाचा अतोनात बोलबाला झाला. आश्चर्य हें कीं, आठच वर्षांत पूर्ण झालेल्या आपल्या ‘क्लॅरिसा’ या दुसऱ्या कादंबरीच्या प्रस्तावनेंत, सुधारलेला विलासी हाच उत्तम पति होतो ही समजूत घातक आहे, असा इशारा त्याच रिचर्डसननें वाचकांस दिला. आणि त्या कादंबरींतील विलासी नायिकेच्या नाशासच कारण होतो. म्हणजे या साच्याचा पहिला टीकाकार तो साचा लोकप्रिय करणारा लेखकच होय. आपल्याकडे मात्र साचा आला, इशारा आला नाहीं. मराठी कादंबरीच्या आरंभकाळीं, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून (१८६१) रा. भि. गुंजीकर यांच्या ‘मोचनगडा’पर्यंत (१८७१), अद्भुताचा भर होता, पुढें रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांचा सुळसुळाट झाला व हरि नारायण आपटे यांच्यासारख्या श्रेष्ठ लेखकाची पहिली कृति ‘मधली स्थिति’ (१८८५) हीही त्याच्याच आधारें जन्मली. हरिभाऊंनीं तो प्रभाव लवकरच टाकून दिला. इतरांस तें साधलें नाहीं. राजवाड्यांसारख्या इतिहासाचार्यानें १९०२ मध्यें ‘कादंबरी’ या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिण्याची गरज मानली, यावरून संशोधकानें या प्रांतांत लक्ष घालण्यास आधार आहे, एवढें नमूद करितों.

आपल्या साहित्यशास्त्रांत असा नायक आहे काय? धनंजयानें ‘दशरूपकां’त नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत व धीरोद्धत असे चार प्रकार केले, शृंगाराच्या दृष्टीनें अनुकूल, दक्षिण, शठ व धृष्ट असे आणखी चार. यांत विलासी पुरुषास भरपूर स्थान आहे. परंतु शठाचा अनुकूल होणें, म्हणजे एका स्वभावांतून दुसऱ्या स्वभावांत प्रवेश करणें, हा शास्त्रकारांचा विषय नाहीं. कवींनीं मात्र तो हाताळला आहे, आणि सर्वांत समर्थपणें कालिदासानें. ‘शाकुंतला’च्या पांचव्या अंकाच्या आरंभीं हंसपदिकेचें गीत पडद्यामागून ऐकूं येतें; राजानें एकदां जवळ केलेली व नंतर विसरलेली ती स्त्री आहे. प्रेक्षकास तेथेंच कळतें कीं, दुष्यंताचा विसर हा केवळ दुर्वासाच्या शापाचा परिणाम नव्हे. शापास पाय टेकण्यापुरती जागा स्वभावांतच होती. मग अंगठी सांपडते, सहाव्या अंकांतील अनुताप येतो, व सातव्यांत तो मारीचाच्या आश्रमांत शकुंतलेच्या पायां पडतो. येथील क्रम लक्षांत घ्यावा. विलायती साच्यांत प्रेम आधीं व त्यामुळें सुधारणा. कालिदासांत प्रेम आधींच होऊन गेलें आहे व त्यानें राजा मुळींच सुधारला नाहीं. सुधारला तो गमावल्यानंतर, स्मरणानें व लज्जेनें. पहिल्यांत स्त्री औषध आहे. दुसऱ्यांत ती जिच्यावर अन्याय झाला अशी व्यक्ति आहे. हा भेद लहान नव्हे.

मराठी परंपरेंतही विलासी सुधारतो, पण तो वधूकडे जात नाहीं, कीर्तनाकडे जातो. जुन्नरच्या शेजारच्या संगमनेरचा अनंत फंदी (१७४४ ते १८१९) याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. तमाशाच्या फडांत रमलेल्या या कवीस अहिल्याबाईंनीं शब्द लाविला, व त्यानें वाणी हरिकथेकडे वळविली. राम जोशी यांच्याविषयींही याच वळणाची कथा सांगतात. या कथा अक्षरशः खऱ्या असोत वा नसोत, समाजास कोणती सुधारणा पटत होती हें त्यांवरून कळतें. पेशवाईंतील मनुष्य कादंबरींत सुधारावयाचा असल्यास त्याच्या काळाची सुधारणेची कल्पना कोणती होती, याची निदान लेखकानें चौकशी करावी.

आतां शिवनेरी. बाजीरावाचा जन्म १० जानेवारी १७७५ रोजीं धार येथें झाला. त्या वेळीं बाप राज्य गमावून परागंदा होता. ११ डिसेंबर १७८३ रोजीं कोपरगांवीं रघुनाथराव वारले तेव्हां मुलाचें नववें वर्ष संपावयाचें होतें. धाकटा चिमाजी आप्पा तर बापाच्या मृत्यूनंतर जन्मला. आई आनंदीबाई, दत्तक बंधु अमृतराव व हीं दोन मुलें पुणें दरबारच्या नजरेखालीं प्रथम कोपरगांवीं व नंतर नाशिकजवळ आनंदवल्लीस राहिलीं. १७९४ मध्यें आनंदीबाई वारल्यावर नाना फडणिसांनीं तिघां भावांस तेथून हलवून शिवनेरीवर ठेविलें. बाजीरावाचें वय एकोणीस. म्हणजे ज्या वयांत कादंबरीचा नायक नाचरंगांत उधळतो म्हणून सांगावयाचें, त्या वयांत हा नायक सात दरवाजांच्या आंत होता. ज्यांनीं शिवनेरीची वाट पायांखालीं घातली आहे त्यांस महादरवाजापासून कुलूप दरवाजापर्यंतचा तो चढ ठाऊक आहे. तेथें गुप्त भेटी, अश्वारूढ पलायनें व चांदण्यांतील संकेत घडवून आणणाऱ्या लेखकानें गड पाहिला नाहीं, असें खुशाल समजावें.

या बंदिवासाचें सर्वांत विस्तृत वर्णन ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासांत आहे. बाजीराव रूपवान, बोलण्यांत मृदु, घोड्यावर पटाईत, धनुष्य व तरवार यांत निष्णात व वयाच्या मानानें शास्त्रांत चांगला तयार होता, असें तो सांगतो. सवाई माधवरावास या चुलत्याच्या गुणांची कीर्ति ऐकून त्याचें आकर्षण वाटूं लागलें. राघोपंत गोडबोले व बळवंतराव नागनाथ हे गडावरील देखरेखीस होते. त्यांपैकीं बळवंतरावामार्फत बाजीरावानें पेशव्यास निरोप पाठविला. आशय असा कीं, आपण दोघेही सारखेच बंदिवान, तुम्ही पुण्यास व मी जुन्नरास. तरी मनें मोकळीं आहेत व तीं एकमेकांचीं राहावींत. नानांस हें कळलें. बळवंतरावास बेड्या पडल्या, पेशव्यास खडे बोल ऐकावे लागले. २५ ऑक्टोबर १७९५ रोजीं सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून खालीं आले व २७ रोजीं वारले. ती उडी होती कीं ज्वराच्या भ्रमांतील अपघात, हा वाद येथें उकरावयाचा नाहीं. परंतु एकवीस वर्षांचा राजा शनिवारवाड्यांत व त्याच्याहून थोडाच लहान चुलता शिवनेरीवर, दोघांचा पहारेकरी एक, दोघांमधील धागा एका कारकुनाच्या अंगरख्यांत, यापेक्षां अधिक हृदयद्रावक प्रसंग कोणत्या कल्पनेनें रचावा? येथें प्रीति आहे, विरह आहे, संकेतभंग आहे, मृत्यु आहे. फक्त नायिका नाहीं. आणि म्हणून साच्याच्या कारागिरास हा प्रसंग दिसत नाहीं.

पुढील प्रसंगही तसाच. वारसाचा प्रश्न पडला तेव्हां परशुरामभाऊ पटवर्धन बाजीरावास आणावयास जुन्नरास आले. हा तरुण गडावरून उतरण्यापूर्वीं शपथ मागतो, व पटवर्धनांचा तो वृद्ध सेनानी गाईचें पुच्छ धरून व गोदावरीची आण घेऊन विश्वास देतो. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, १७९६ मध्यें, त्याच भाऊंच्या पुढाकारानें चिमाजी आप्पास पेशवेपदावर बसविण्यांत आलें, व बाजीरावास वस्त्रें मिळण्यास डिसेंबर उजाडला. ज्या मनुष्यास कारागृहाच्या दारींच अशा शपथेची किंमत कळली, त्यानें पुढें जन्मभर कोणाच्या शपथेवर विश्वास ठेविला नाहीं व आपलीही कोणाशीं पाळली नाहीं, तर नवल कशाचें? आम्ही त्याचें समर्थन करीत नाहीं. १८०१ मध्यें विठोजी होळकराचा हत्तीच्या पायीं झालेला वध समर्थनीय नाहीं. २५ ऑक्टोबर १८०२ च्या हडपसरच्या लढाईनंतर केलेलें पलायन व ३१ डिसेंबरचा वसईचा तह तर नाहींच नाहीं. परंतु या सर्वांचें मूळ शोधावयाचें तर तें कामांत नव्हे, भयांत आहे, आणि भयाची शाळा शिवनेरीवर होती.

येथें साहित्यशास्त्राची अडचण उभी राहते, ती मोठी मनोरंजक आहे. धीरललित नायकाचीं लक्षणें म्हणजे निश्चिंत, कलासक्त, सुखी व मृदु. ‘रत्नावली’तील वत्सराज उदयन हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण; राज्याचा भार यौगंधरायणावर टाकून तो निर्धास्तपणें वसंतोत्सव करितो. बाजीराव मृदु होता, होनाजी-बाळांच्या लावण्यांस आश्रय देणारा म्हणून कलासक्तही होता. परंतु पहिलेंच लक्षण त्याच्यांत नाहीं. तो एक दिवसही निश्चिंत नव्हता. त्याचा यौगंधरायण म्हणजे नाना फडणीस, आणि तोच त्याचा पूर्वींचा तुरुंगाधिकारी! दुसरी वाट भयानक रसाची. पण भरतानें भय हें स्त्रिया व नीच प्रकृतीचे पुरुष यांच्या ठायीं सांगितलें, नायकाच्या नव्हे. म्हणजे भ्यालेल्या राजास जुन्या शास्त्रांत आसन नाहीं. हें आसन नव्या कादंबरीनें निर्माण करावयाचें होतें. तें न करितां तिनें परदेशांतून तयार पाट आणून मांडला, हा आमचा मुख्य आक्षेप.

साच्यास दोन गोष्टी सिद्ध झालेल्या लागतात: आधींचा विलास व नंतरची सुधारणा. दोहोंची तपासणी करूं. विलासाचा पुरावा मुख्यतः एल्फिन्स्टनच्या व त्याच्या वर्तुळांतील लेखकांचा आहे. एल्फिन्स्टन १८११ पासून पुण्यास वकील होता व त्यानेंच १८१८ मध्यें राज्य बुडविलें. ग्रँट डफ त्याच्याच हाताखालीं वाढला. जिंकणाऱ्यानें जिंकलेल्याच्या शीलावर लिहिलेला शेरा न्यायाधीशाचा निवाडा म्हणून वाचतां येत नाहीं. तो फिर्यादीची जबानी आहे. परंतु फिर्यादीची म्हणून ती खोटीच असेही नाहीं. मराठी बखरकारही बाजीरावाच्या खाजगी वर्तनावर प्रसन्न नाहींत. म्हणून विलास होता एवढें मान्य करावें. त्याचे सुरस तपशील मात्र, जे कागदांत नसून गप्पांत आहेत, ते मान्य करूं नयेत.

आतां सुधारणा. ज्या कोणत्याही वर्षी ती झाली म्हणावें, त्या वर्षापूर्वींचा व नंतरचा बाजीराव तोच दिसतो. उपवास, दक्षिणा, पंढरपूरच्या वाऱ्या व देवस्थानांची व्यवस्था हीं चालू असतांनाच शुक्रवारवाडा व विश्रामबाग हीं उभीं राहिलीं. व्रत व विलास हे त्याच्या आयुष्यांत एकामागून एक आले नाहींत. ते एकाच दिवसाचे दोन प्रहर होते. ३ जून १८१८ रोजीं माल्कमच्या स्वाधीन होऊन सालीना आठ लक्षांच्या नेमणुकीवर तो ब्रह्मावर्तास गेला, व २८ जानेवारी १८५१ पर्यंत तेथें राहिला. एकूण अकरा विवाहांपैकीं कांहीं त्या काळांतले आहेत. त्यांचें कारण विलास म्हणावा तर राज्य गेलेल्या, वय झालेल्या पुरुषास तो शोभत नाहीं. खरें कारण पुत्राची आस, व ती अपुरी राहून शेवटीं १८२७ मध्यें धोंडोपंतास, म्हणजे १८५७ च्या नानासाहेबांस, दत्तक घ्यावें लागलें. या चरित्रांत ‘एका स्त्रीच्या प्रेमानें पालटलेला पुरुष’ कोठें बसवावयाचा? अकरांपैकीं कोणतीस निवडावयाचें, व उरलेल्या दहांचें काय करावयाचें?

हा प्रश्न केवळ गणिताचा नाहीं. या साच्याखालीं ज्या पहिल्यानें चिरडल्या जातात त्या स्त्रियाच. पुरुषाच्या शुद्धीस एक स्त्री पुरते. इतर सर्व त्याच्या ‘पूर्वेतिहासांत’ जमा होतात, व तो इतिहास धुतला कीं त्याही धुतल्या जातात. कालिदासानें हंसपदिकेस निदान एक गीत दिलें. आणि ज्या जुन्नरांत ही कथा घडवावयाची, तेथून एका दिवसाच्या वाटेवर नाणेघाट आहे. दोन सहस्र वर्षांपूर्वींच्या त्या लेण्यांत राणी नायनिका, जिला आपण नागनिका म्हणतों, हिच्या यज्ञांची व दक्षिणांची यादी भिंतीवर कोरलेली आहे, व राजांच्या प्रतिमांच्या ओळींत तिचेंही नांव आहे. कोणाच्या सुधारणेचें साधन म्हणून नव्हे, तर आपल्या कृत्यांनीं. ज्या भूमींत स्त्रीचें नांव दगडावर असें टिकलें, तिच्या प्रेमकथेंत स्त्रीनें केवळ नायकाचा मळ पुसावा, हें फार दरिद्री चित्र होय.

आतां ना. सं. इनामदार यांच्या कृतीकडे वळणें अवश्य आहे. कारण या काळावरील मराठी कादंबरीचा विचार त्यांस वगळून होत नाहीं. त्र्यंबकजी डेंगळ्यांवरील ‘झेप’ (१९६३), यशवंतराव होळकरांवरील ‘झुंज’ (१९६६), दुसऱ्या बाजीरावावरील ‘मंत्रावेगळा’ (१९६९) व पहिल्या बाजीरावावरील ‘राऊ’ (१९७२) असा त्यांचा क्रम आहे. इतिहासानें टाकलेल्या माणसांचीं प्रकरणें त्यांनीं पुन्हां न्यायासनापुढें आणिलीं. ‘मंत्रावेगळा’चा मोठा गुण हा कीं, तिनें बाजीरावास धुण्यासाठीं विलायती औषध वापरलें नाहीं. इंग्रजांच्या विळख्यांतून सुटण्याची त्याची धडपड हा त्या कादंबरीचा गाभा आहे, प्रणय नव्हे. ‘पळपुटा’ या एका शब्दांत ज्याचा निकाल दीडशें वर्षें लागत होता, त्यास तिनें हेतु दिला, बुद्धि दिली, दुःख दिलें. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहानें सर्व बाजूंनीं बांधला गेलेला मनुष्य ५ नोव्हेंबरला खडकीस युद्धाचा फांसा टाकतो, याचा अर्थ केवळ मूर्खपणा नव्हे, हें सामान्य वाचकास पटविणें ही इतिहासाचीच सेवा होय.

परंतु वकील व न्यायाधीश यांचे धर्म भिन्न आहेत. ‘मंत्रावेगळा’ हें वकिलाचें भाषण आहे; उत्तम आहे, पण भाषण आहे. तिनेंही एक शुद्धीकरणच केलें, फक्त गंगेचें पाणी बदललें. प्रेमाच्या जागीं स्वातंत्र्येच्छा आली. तीमुळें बाजीराव मोठा झाला. परंतु तो समजला, असें आम्हांस म्हणवत नाहीं. इंग्रजांशीं झगडणारा बाजीराव व इंग्रजांकडे धांवणारा बाजीराव हे एकाच गांठोड्यांत बांधावयाचे, तर गांठ शिवनेरीवर मारली पाहिजे. जन्मापासून ज्याच्या भोंवतीं पहारा, त्यास पहाऱ्याचा द्वेषही असतो व पहाऱ्यावांचून झोंपही येत नाहीं. १८०२ मध्यें त्यानें नवा पहारा मागून घेतला, १८१७ मध्यें तो मोडूं पाहिला, १८१८ मध्यें पुन्हां पत्करला. हें सूत्र धरलें तर वकिलीची गरज राहत नाहीं.

‘राऊ’शीं तुलना येथें उपयोगी पडेल. पहिला बाजीराव हा विलासी होता व सुधारला, असें कोणी म्हणत नाहीं. उलट मस्तानीच्या संगतीनें तो मद्यमांसांत बिघडला, असा घरच्यांचा आरोप होता. म्हणजे तेथें साचा उलटा. प्रेम हेंच समाजाच्या दृष्टीनें पतन. १७३९-४० सालांतील मस्तानीची कैद, कुटुंबांतील कलह व २८ एप्रिल १७४० रोजीं रावेरखेडी येथील बाजीरावाचा मृत्यु, यांस पत्रांचा आधार आहे. पेशवे दप्तरांतील निवडी प्रसिद्ध झाल्यापासून तो आधार कोणासही पाहतां येतो. म्हणून ती कथा साच्यांत न पडतां स्वतःच्या वजनानें उभी राहते. मस्तानीची कबर पाबळास, व काशीबाईंचें माहेर भीमेच्या कांठीं चासेस. दोन्ही गांवें आंबेगांव तालुक्याच्या शेजारचींच. जेथें कागद आहे तेथें कल्पनेस वळण मिळतें. जेथें कागद वाचला जात नाहीं तेथें ती साच्याकडे धांवते, एवढाच या तुलनेचा निष्कर्ष.

भावी लेखकास एक प्रसंग सुचवून ठेवितों. डिसेंबर १८१७ मध्यें, खडकीनंतर, इंग्रजी फौजा पाठीवर घेऊन बाजीराव उत्तरेस आला, तो याच मुलखांत. ओतूरच्या बाजूस व पुढें जुन्नर-संगमनेर यांमधील ब्राह्मणवाड्याच्या डोंगरांत त्याचा तळ कांहीं दिवस होता. त्र्यंबकजी येऊन मिळाला होता व घाटवाटा अडविण्याचें काम चालू होतें. तेथून तो दक्षिणेस वळला, व १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवची लढाई झाली. बावीस वर्षांपूर्वीं ज्या गडावरून शपथ घेऊन तो उतरला, त्याच गडाच्या टापूंत तो आतां पेशवा असून आश्रय शोधीत होता. त्या वेळीं त्याच्या मनांत काय आलें, हें कागद सांगणार नाहीं. तें सांगणें हाच कादंबरीकाराचा खरा अधिकार आहे. संशोधक तेथें खुशीनें बाजूस होईल. परंतु त्यासाठीं लेखकास ओतूर कोठें, घाट कोणता, हंगाम कोणता, हें ठाऊक पाहिजे. आणि त्या वेळीं कोणी अनामिक सुंदरी डोंगरांत भेटवूं नये, एवढी विनंति.

संग्राहक बंधूंस शेवटीं एक गोष्ट सांगावीशी वाटते. शिवनेरीवर जाणारे लोक शिवजन्मस्थानीं मस्तक ठेवून उतरतात, व तें योग्यच आहे. पण तोच गड १७९४ ते १७९६ पर्यंत पेशवाईच्या शेवटच्या अध्यायाचें जन्मस्थान होता, याचीही नोंद आपल्या हातून व्हावी. तीन राजबंदी गडावर ठेवावयाचे म्हणजे पहारेकऱ्यांची हजेरी, कोठीचा खर्च, ब्राह्मण-पाणक्यांच्या नेमणुका, ग्रंथांची ने-आण व जासुदांची मजुरी आलीच. असे कागद सरकारी दप्तरांतच असतात असें नाहीं. हवालदार, सबनीस, कुळकर्णी यांच्या घरांतूनही ते उतरतात. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखालीं जुनें आंबेगांव गेलें. गांव उठतें तेव्हां माणसें देव व भांडीं बरोबर नेतात, रुमाल मात्र माळ्यावर राहतात. ज्यांच्या घरीं त्या भागांतील एखादा रुमाल आला असेल, त्यांनीं तो मोडीचा म्हणून बाजूस न ठेवितां वर्षांवर दृष्टि ठेवून एकदां उलगडावा. बळवंतराव नागनाथाच्या निरोपाचा मराठी मसुदा, किंवा त्याच्या कैदेचा एखादा हुकूम, हातीं लागला, तर शंभर प्रेमकथांनीं जें सुधारणार नाहीं तें तो एक बंद सुधारील: बाजीराव नव्हे, त्याच्याविषयींची आपली समज.